घाटमाथ्याच्या दोन उतारांवरचे धबधबे

बेळगावच्या दक्षिणेस असलेले येळ्ळूर हे गाव भाताच्या शिवारासाठी आणि गावालगत उभ्या असलेल्या राजहंसगडासाठी सीमाभागात परिचित आहे. या गडावरून पश्चिमेकडे पाहिले असता सह्याद्रीची रांग क्षितिजाला टेकलेल्या ठेंगण्या टेकड्यांसारखी दिसते आणि हाच तो कोकणातून पाहताना आभाळाला भिडणारा डोंगर आहे, यावर पाहणाऱ्याचा सहज विश्वास बसत नाही. या विसंगतीचे कारण सह्याद्रीच्या रचनेत आहे. हिमालयाप्रमाणे भूस्तरांना वळ्या पडून सह्याद्री उभा राहिलेला नाही; तो दख्खनच्या पठाराचा पश्चिमेकडील तुटलेला काठ आहे. त्यामुळे त्याला पूर्वेकडून जवळजवळ चढच लागत नाही, तर पश्चिमेकडे तो काही ठिकाणी एका दमात हजारभर फूट खाली कोसळतो. गोव्यातील सर्वांत उंच डोंगर असलेला सत्तरी तालुक्यातील सोंसोगड 1166 मीटर उंचीचा असूनही बेळगावच्या बाजूने येणाऱ्याला तो फारसा उंच वाटत नाही, याचेही कारण हेच आहे.

बेळगाव, खानापूर, चंदगड आणि आंबोली या पट्ट्यातील धबधब्यांची संख्या व विविधता या काठाशी बांधलेली आहे. घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन्ही पाख्यांवर वाटला जातो, तसा घाटमाथ्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. ज्या उंचवट्यावर ही वाटणी होते त्याला भूगोलात जलविभाजक म्हणतात, आणि एखाद्या ओढ्याला किंवा नदीला ज्या सगळ्या भूभागाचे पाणी मिळते त्या भूभागाला तिचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. पश्चिमेच्या पाख्यावर उतरणारे पाणी लवकरच कोकणात किंवा गोव्यात पोहोचते आणि तेथून अरबी समुद्राला मिळते, तर पूर्वेच्या पाख्यावरचे पाणी घटप्रभा किंवा मलप्रभेच्या वाटेने कृष्णेला जाऊन शेकडो किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचते. या दोन्ही पाख्यांवर धबधबे आहेत, परंतु त्यांची घडण, त्यांचा हंगाम आणि त्यांच्याकडे जाण्याची रीत यांत इतका फरक आहे की, दोन्ही प्रकार एका दिवसाच्या अंतरात पाहता येणे हे या सीमाभागाचे खरे वैभव मानावे लागते.

पश्चिम पाख्यावरचे सर्वांत सुगम ठिकाण म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली. बेळगावहून सुमारे सत्तर किलोमीटरवर, सावंतवाडीकडे उतरणाऱ्या घाटाच्या माथ्यावर वसलेल्या या गावात वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर बेळगाव शहरात हीच सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास आहे. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे कड्याला अडून वर चढतात, वर चढताना थंड होतात आणि बहुतेक पाऊस माथ्यावरच टाकून पुढे जातात. त्यामुळे पूर्वेकडे दर काही किलोमीटरला पाऊस झपाट्याने कमी होत जातो. आंबोलीचा मुख्य धबधबा घाटरस्त्याच्या अगदी कडेला असल्याने पावसाळी रविवारी तेथे वाहनांच्या रांगा लागतात. त्यापेक्षा नांगरतास हे बेळगाव–आंबोली मार्गावरचे ठिकाण अधिक अभ्यासण्याजोगे आहे, कारण तेथे पाणी उघड्या कड्यावरून न पडता खडकात कोरलेल्या खोल व अरुंद चिरेत शिरते आणि पाण्याने दगड कसा कापला जातो हे डोळ्यांना दिसते. कावळेसाद येथे पावसाळ्यातील जोराचा वारा दरीतून वर चढताना पडणाऱ्या पाण्याला पुन्हा माथ्याकडे उडवतो. पाण्याची धार उलटी जाताना दिसण्याचा हा प्रकार केवळ वाऱ्याचा दाब पडत्या थेंबांच्या वजनावर मात करतो म्हणून घडतो.

आंबोलीची दुसरी ओळख अधिक महत्त्वाची आहे. घाटमाथ्यावरील एका गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते आणि कोकणाकडे पाठ फिरवून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा पूर्वेचा मार्ग धरते. उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात आढळलेल्या एका लहान माशाची नवी प्रजाती म्हणून 2020 मध्ये नोंद झाली, तिला नदीवरून ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव मिळाले आणि पुढील वर्षी महाराष्ट्र शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणजे आंबोलीत पडलेल्या पावसाचा एक भाग घाटरस्त्यावरच्या धबधब्यातून तत्काळ कोकणात उतरतो, आणि दुसरा भाग हिरण्यकेशीतून घटप्रभेला मिळून दूरवरच्या गोकाकला एका अगदी निराळ्या धबधब्यावरून खाली येतो. एकाच सरीतले दोन थेंब इतके दुरावतात, ही गोष्ट नकाशावर बोट फिरवल्याशिवाय पटत नाही.

जलविभाजकाचे हे नाट्य सर्वांत ठळकपणे दिसते ते मात्र खानापूर तालुक्यात. बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याला जाणारा रस्ता कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडतो, पुढे जांबोटी आणि कणकुंबी ही गावे लागतात, आणि त्यानंतर घाट सुरू होतो. कणकुंबीत माउली देवीच्या देवस्थानाच्या परिसरात मलप्रभेचा उगम आहे. तेथून निघालेली ही नदी पूर्वेकडे तीनशे किलोमीटरहून थोडा अधिक प्रवास करून कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते. याच तालुक्यात, भीमगडाच्या परिसरातील देगावच्या रानात म्हादई उगम पावते आणि ती मात्र पश्चिमेकडे वळून गोव्यात शिरते, जेथे तिला मांडवी म्हणतात आणि जिच्या काठी पणजी वसलेली आहे. एकाच तालुक्याच्या रानात पडणाऱ्या पावसाने दोन नद्या पोसाव्यात आणि त्यांनी एकमेकींकडे पाठ फिरवून दोन समुद्र गाठावेत, असे हे क्षेत्र आहे.

पश्चिमवाहिनी नद्या लांबीने लहान, परंतु उताराने तीव्र असतात. तीव्र उतारामुळे त्यांच्या पाण्यात खडक झिजवण्याची शक्ती अधिक असते आणि ही झीज नदीच्या मुखाकडून उगमाकडे सरकत जाते. भूगोलात या क्रियेला शीर्षाकडील झीज असे म्हणतात. परिणामी कडा हळूहळू, लक्षावधी वर्षांच्या हिशेबाने, पूर्वेकडे मागे सरकतो आणि नद्या पठारात खोल दऱ्या कोरत आत शिरतात. गवाळी गावाच्या रानातील वज्रपोहा धबधबा हे या क्रियेचे उत्तम उदाहरण आहे. जांबोटीपासून जवळ असलेल्या या ठिकाणी म्हादई सुमारे दोनशे फूट खाली झेपावते. धबधब्यापर्यंत गाडीरस्ता नाही, पायवाट दाट जंगलातून जाते आणि समोरच्या उंचवट्यावरून दिसणारा प्रपात आजूबाजूच्या अखंड हिरव्या दरीमुळेच इतका भव्य वाटतो. येथे चहाच्या टपऱ्या, पायऱ्या आणि लोखंडी कठडे आले, तर धबधब्याची उंची तेवढीच राहील, पण त्याचे सौंदर्य मात्र उरणार नाही, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

याच घाटमाथ्यावर चिखले आणि पारवाड यांसारख्या गावांच्या रानांत आणि गोव्याच्या हद्दीतील सुर्ल गावाजवळ लहानमोठे अनेक धबधबे आहेत. या भागातील माथ्यांवर जांभ्या दगडाचे सपाट सडे आहेत. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पाऊस थांबल्यावरही झऱ्यांच्या रूपाने बाहेर येत राहते. त्यामुळे चोर्ल्याच्या परिसरातील काही ओढे पावसाळा संपल्यानंतरही बरेच दिवस वाहतात. सड्यावरील गवत, करवंदीच्या जाळ्या आणि दरीतील सदाहरित जंगल हे तिन्ही मिळून पाण्याला थोपवून धरतात. म्हणून रान तोडून धबधबा टिकवता येत नाही.

या रानाचे महत्त्व केवळ पाण्यापुरते नाही. खानापूर तालुक्यातील सुमारे 190 चौरस किलोमीटर जंगल 2011 मध्ये भीमगड वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि त्याच्या परिसरातील बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ ही अत्यंत दुर्मीळ प्रजाती आढळते, जिची जगातील एकमेव वस्ती हीच असावी असे अभ्यासक दीर्घकाळ मानत होते. या जंगलातील वाड्यांमधून राहणारी मराठी भाषक कुटुंबे पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की जवळजवळ जगापासून तुटतात, आणि शहरातून एका दिवसासाठी येणाऱ्यांना रम्य वाटणारे पाणी त्यांच्या आजाऱ्यांना दवाखान्यात पोहोचू देत नाही, हेही पाहुण्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

म्हादईचे नाव बेळगाव परिसरात निघाले की पाणीतंट्याचा विषय टाळता येत नाही. कणकुंबीजवळचा कळसा नाला आणि बंडुरा नाला हे म्हादईच्या खोऱ्यातील प्रवाह मलप्रभेकडे वळवून हुबळी–धारवाड आणि आसपासच्या कोरड्या प्रदेशाला पिण्याचे पाणी देण्याची कर्नाटकाची योजना आहे. गोव्याचा तिला विरोध आहे, कारण मांडवीचे गोडे पाणी कमी झाल्यास खाडीतील खारे पाणी आत शिरेल आणि अभयारण्ये कोरडी पडतील, अशी त्या राज्याची भीती आहे. या तंट्यासाठी 2010 मध्ये नेमलेल्या लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये निवाडा देऊन कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी ठरवून दिले. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. तीनही राज्यांचे त्याने समाधान झाले नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. माणसाला प्यायला पाणी मिळाले पाहिजे याविषयी दुमत असू शकत नाही. परंतु निसर्गाने पश्चिमेला दिलेला प्रवाह कालव्याने पूर्वेला नेताना खालच्या दरीतील जंगल, मासे आणि धबधबे यांचे काय होईल, हा प्रश्न आकड्यांच्या वाटपात पुरेसा विचारला गेलेला नाही.

याच म्हादई–मांडवीच्या खोऱ्यात सीमाभागातील सर्वांत प्रसिद्ध धबधबा आहे. गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवरील दूधसागर चार टप्प्यांत सुमारे 310 मीटर खाली उतरतो आणि भारतातील सर्वांत उंच धबधब्यांमध्ये त्याची गणना होते. येथील खडक दख्खनच्या काळ्या बेसाल्टहून फार प्राचीन आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून बनलेले दख्खनचे बेसाल्ट बेळगाव परिसरात आपल्या दक्षिण सीमेजवळ येते; त्याच्या दक्षिणेस त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइटसारखे कठीण खडक उघडे पडतात. अशा खडकावरून पाणी सरळ धारेने न पडता कड्याला घासत, फुटत उतरते, आणि या घासण्यामुळे त्यात मिसळलेल्या हवेने ते दुधासारखे पांढरे दिसते.

दूधसागराच्या पोटातून जाणारी रेल्वे हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात झालेल्या करारानंतर मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी जोडण्यासाठी हा मार्ग बांधला गेला. कॅसलरॉक ते कुळे या सुमारे 26 किलोमीटरच्या घाटात त्याचा चढ 37 मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. लोंढ्याहून गोव्याकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून हा धबधबा दिसतो आणि पावसाळ्यात तो पाहण्याचा सर्वांत सुरक्षित व सर्वांत सुंदर मार्ग हाच आहे. रुळांवरून चालत धबधब्याकडे जाण्यास रेल्वेने बंदी घातलेली आहे. बोगदे, वळणे आणि पावसाचा आवाज यांमुळे मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, हे या बंदीमागचे साधे कारण आहे. पावसाळा ओसरल्यावर साधारण ऑक्टोबरपासून कुळ्याहून भगवान महावीर अभयारण्यातून जीपगाड्या पायथ्यापर्यंत जातात.

पूर्वेच्या पाख्यावरचे चित्र पूर्णतः वेगळे आहे. बेळगावहून ईशान्येकडे निघालेल्या प्रवाशाला भाताची खाचरे मागे पडून ऊस, मका आणि ज्वारीची शेते दिसू लागतात, पाऊस बेळगावच्या निम्म्याहून खाली येतो, आणि तरीही सुमारे 65 किलोमीटरवर गोकाक येथे घटप्रभा सुमारे 52 मीटर उंचीवरून नालाकृती कड्यावरून कोसळते. हे पाणी गोकाकच्या आभाळातून आलेले नसते. ते चंदगड, आजरा आणि आंबोलीच्या घाटमाथ्यावरचे असते, म्हणून गोकाकात आठवडाभर ऊन असतानाही धबधबा भरून वाहू शकतो. येथील खडक वालुकाश्म आणि क्वार्टझाइट या प्रकारचा, आडव्या थरांचा आहे. वरचा थर कठीण आणि खालचा त्या मानाने मऊ असल्यास पडणारे पाणी पायथा पोखरते, आधार गेलेला वरचा थर तुटतो आणि कडा मागे सरकतो. मधोमध प्रवाह जोराचा असल्याने तेथील कडा अधिक वेगाने मागे जातो आणि धबधब्याला घोड्याच्या नालेचा आकार येतो. उत्तर अमेरिकेतील नायगाऱ्याच्या नालाकृती धबधब्याची उंची सुमारे 57 मीटर, म्हणजे गोकाकपेक्षा फार वेगळी नाही. फरक पाण्याच्या प्रमाणात आहे: नायगाऱ्याला अवाढव्य सरोवरांचे पाणी बारमाही मिळते, तर घटप्रभा मोसमी पावसावर अवलंबून आहे.

गोकाकचे पाणी आता केवळ पावसावरही अवलंबून नाही. वरच्या बाजूला हिडकल येथे घटप्रभेवर मोठे धरण आहे आणि धबधब्याच्या थोडे अलीकडे धुपदाळ येथे ब्रिटिश काळातील बंधारा आहे, जेथून पाणी कालव्यांना वळवले जाते. त्यामुळे उन्हाळ्यात कड्यावरून पाणी जवळजवळ येत नाही आणि पावसाळ्यातही धबधब्याचे रूप धरणातून सोडलेल्या विसर्गावर ठरते. जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ येथे उत्तम, आणि जाण्यापूर्वी हिडकलच्या विसर्गाची बातमी पाहिलेली बरी.

या धबधब्याने उद्योगाच्या इतिहासातही स्थान मिळवले आहे. 1887 मध्ये सुरू झालेल्या येथील सूतगिरणीने पडत्या पाण्याची शक्ती यंत्रे चालवण्यासाठी वापरली आणि देशात पाण्यापासून वीज तयार करण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत गोकाकचे नाव घेतले जाते. कड्याला लागून खाली उतरणारे जाड नळ, दोन्ही काठांना जोडणारा झुलता पूल, गिरणीची दगडी इमारत आणि काठावरचे चालुक्यकालीन महालिंगेश्वर मंदिर ही सगळी एका नजरेत सामावतात. निसर्ग, देवालय आणि कारखाना यांचा असा शेजार महाराष्ट्र–कर्नाटकाच्या सीमेवर दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि तरीही बहुतेक पर्यटक पुलाजवळ छायाचित्र काढून अर्ध्या तासात परततात, ही खेदाची बाब आहे.

गोकाकपासून थोड्या अंतरावरचा गोडचिनमलकीचा धबधबा त्या मानाने उपेक्षित आहे. मार्कंडेय नदी येथे दोन टप्प्यांत उतरते. पहिला टप्पा सुमारे 25 मीटरचा आणि दुसरा सुमारे 18 मीटरचा. येळ्ळूरच्या वाचकाला या नदीविषयी विशेष आस्था वाटायला हवी. बेळगाव शहराला पिण्याचे पाणी पुरवणारा राकसकोप जलाशय हिच्यावर आहे, आणि येळ्ळूर, वडगाव, शहापूर या शिवारांतले पाणी घेऊन जाणारा बळ्ळारी नालाही पुढे हिलाच मिळतो. दुर्दैवाने हा नाला शहरातून जाताना सांडपाणी आणि कचरा पोटात घेतो, पावसाळ्यात तुंबून भाताची रोपे कुजवतो, आणि जे पाणी पुढे नदीत सोडतो ते कोणत्या धबधब्याच्या वाट्याला येते याचा विचार शहरात फारसा होत नाही. गोडचिनमलकीला जाऊन फेसाळ पाण्याचे कौतुक करणाऱ्या बेळगावकराने त्या पाण्यातला आपल्या गटारांचा वाटा मोजला पाहिजे.

धबधब्यांच्या सहलींत दरवर्षी जीव जातात आणि त्यांपैकी बहुतेक अपघात टाळता येण्याजोगे असतात. नोव्हेंबर 2022 मध्ये चंदगड तालुक्यातील किटवाड येथे बेळगावच्या चार तरुण मुली बुडून मृत्युमुखी पडल्या; पावसाळा संपला म्हणजे धोका संपला, ही समजूत किती चुकीची आहे हे त्या घटनेने दाखवले. जून 2024 मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले; ते उभे होते त्या प्रवाहाचे पाणी अचानक वाढले होते. याचे कारण पाणलोटात आहे. वर दोन-चार किलोमीटरवर सर कोसळली तर खाली ऊन असतानाही ओढ्याला अचानक लोंढा येतो. पाणी गढूळ होऊ लागणे, काटक्या-पाला वाहून येणे आणि आवाज वाढणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती दिसताच काठ सोडून उंचावर जावे. सामान गोळा करण्यात वेळ घालवू नये. धबधब्याच्या पायथ्याचा डोह वरून उथळ वाटला तरी पडत्या पाण्याने तो खोल खणलेला असतो आणि तेथील भोवऱ्यात पट्टीचा पोहणाराही अडकतो. शेवाळलेला खडक कोरडा दिसला तरी निसरडाच असतो.

खानापूरच्या जंगलातील अनेक धबधब्यांवर पावसाळ्यात वनखाते आणि प्रशासन प्रवेशबंदी घालते. ही बंदी चुकवून आडवाटेने जाण्यात काही तरुणांना पराक्रम वाटतो, पण अपघात झाल्यावर दोर घेऊन दरीत उतरावे लागते ते आसपासच्या वाड्यांतील माणसांनाच. म्हणून बंदी असताना जांबोटी–कणकुंबीच्या रानात जाऊ नये. पावसाच्या भरात आंबोली किंवा गोकाक पाहावे, दूधसागर रेल्वेच्या खिडकीतून पाहावा, आणि पाऊस ओसरल्यावर वनखात्याची परवानगी व गावातला वाटाड्या घेऊन, आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणण्याच्या तयारीनेच वज्रपोह्याची वाट धरावी.